रविवारचं बांधकाम

टर्कीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. तव्यावर जरा दुर्लक्ष झालं की ते रुसतं आणि कोरडं होतं.

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतली माणसं आधी हसतात.

डोळे तपासायच्या तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षर कोणी चुकत नाही. ते दिसतं म्हणून नाही, पाठ असतं म्हणून.

"फलाट क्रमांक तीनवर लागलेली बस," एवढं म्हणून थोरलीने माइक बंद केला, घोटभर पाणी घेतलं, आणि तेवढा वेळ सगळं बसस्थानक मान वर करून थांबलं.

किसलेल्या कांद्याला सुटलेलं पाणी फेकायचं नसतं.

मंगळवारी बाबांचा थोरलीला फोन आला. "गिलावा सुटलाय," ते म्हणाले. ती हसली. "रविवारी येतेच आहे," ती म्हणाली, "तेव्हा लावू."

*

रविवारी धुकं उठायला तयार नव्हतं. थोरली बाबांच्या गल्लीत वळली तेव्हा घरं नुसती अंदाजाने उभी होती. कुठे एक खिडकी, कुठे जिन्याचा कठडा, बाकीचं नंतर भरू म्हणून सोडून दिल्यासारखं. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात पिवळा दिवा, दिव्याखाली बाबा, आणि बाबांसमोर पसरट भांड्यात टर्कीचा खिमा, फिकट, पहाटेच्या रंगाचा.

"माल कालवू?" बाबांनी विचारलं.

"थांबा जरा. धाकटा येऊ दे. त्याला सगळं पहिल्यापासून बघायचंय."

बाबा थांबले. थांबण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

या घरात बर्गर कधी कोणी केला नाही. तो बांधला. बाबांचा जन्म गवंडीकामात गेला. आठवड्याला सुट्टी एकच, आणि त्या दिवशी आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढून ते आपलं काम आत घेऊन यायचे. खिमा हा माल. थापला की वीट. खालचा पाव पाया, चीज फरशी, सॉस म्हणजे गिलावा, वरचा पाव स्लॅब. उलथणं या घरात नव्हतंच, थापी होती. आई बाहेरून विचारायची, "कंत्राटदार, आज जेवायला मिळणार की पुढच्या वर्षी?" आतून उत्तर यायचं, "स्लॅब पडल्याशिवाय ताबा नाही." नाश्ता म्हणावा तर उशीर, जेवण म्हणावं तर लवकर, अशा वेळेला चौघं त्या बांधकामावर तुटून पडायचे. त्याला ब्रंच म्हणतात हे खूप नंतर, सून आल्यावर कळलं.

आई गेली. हिवाळ्याच्या सुरुवातीला बाबांना पक्षाघाताचा झटका आला. पाय महिन्याभरात ताळ्यावर आला, हात तर बिघडलाच नव्हता. तेव्हापासून बहीणभावात एकच वाद. धाकटा म्हणे, आमच्याकडे नेतो, एकटं ठेवणं बरं नाही. थोरली म्हणे, स्वतः बांधलेल्या घरातून त्यांना कोणी हलवायचं नाही. आईच्या आजारपणात जे बोलून झालं होतं तेही दोघांनी पुन्हा बोलून घेतलं. शेवटी थोरलीनेच पैज लावली. रविवारी या. बाबा सगळं एकट्याने करतील, वाढतीलही. एक गोष्ट चुकली तर खुशाल न्या. नाही चुकली तर पुन्हा विषय काढायचा नाही.

*

"आले परीक्षक," थोरली म्हणाली.

"ताई, पाऊल तरी आत टाकू दे." धाकट्याने अंड्यांचा ट्रे ओट्यावर ठेवला. "हात धुतो. काल दिवसभर एका लिफ्टच्या खड्ड्यात होतो, नखांतलं ग्रीस निघता निघत नाही."

"मग लांबच उभा राहा. माल काळा करशील."

"बाबा, बघा, ही मुकादम झाली."

"झालीच," बाबा म्हणाले. सगळे हसले. सूनही हसली, जरा मागून.

तिला या घरातलं हसणं आवडायचं, पण ते तिच्यापर्यंत नेहमी उशिरा पोचायचं, लांबच्या गडगडाटासारखं. लग्न होऊन आली तेव्हा हे सगळे शब्द तिला शिकावे लागले होते. पाया आण म्हटल्यावर ती पाच मिनिटं फडताळासमोर उभी राहिली होती, आणि ती गोष्ट अजून दर दोन महिन्यांनी सांगितली जायची. बाकीच्यांना ते शब्द ऐकूच येत नसत. त्यांना नुसती गंमत ऐकू यायची. तिला शब्द ऐकू यायचे.

बाबांनी कांदा किसला, पाण्यासकट खिम्यात टाकला. मग एक सफरचंद हातात घेतलं, सोललं, तेही किसलं.

"हे कशाला घालताय बाबा?" तिने विचारलं.

"ओलावा."

"आणि हे?" त्यांच्या चिमटीत मिरपूड होती.

बाबांची चिमूट हवेत राहिली. बाहेर कोणाची तरी सायकल धुक्यातून गेली, तिची घंटा आधी आली आणि सायकल नंतर.

"रेती," बाबा म्हणाले.

थोरली खळाळून हसली. "रेती. हे नवीन आहे. अरे ऐकलंस का, मिरपुडीला रेती."

"बारीक की जाडी?" धाकट्याने विचारलं.

"चाळलेली," बाबा म्हणाले, आणि ते दोघं आणखी हसले.

सुनेने त्यांच्या बाह्यांकडे पाहिलं. खिमा कालवायला बाबा नेहमी कोपरापर्यंत बाह्या सरसावून बसायचे. आज दोन्ही मनगटांवर बटणं लावलेली होती.

*

बाबांना माहीत होतं.

सकाळी उठून पलंगावर बसलं की ते एकेका वस्तूकडे बघत. वस्तू त्यांच्याकडे बघे. दोघांची ओळख पक्की होती, फक्त हाक मारायला काही नव्हतं. आपण बांधलेल्या घरावरून जावं, ते चटकन ओळखू यावं, कुठल्या कोपऱ्यात ओल धरते तेही आठवावं, आणि आत कोण राहतं ते मात्र आठवू नये, तसं. करणं, होणं, येणं, जाणं, हे सगळं वाहतं पाणी होतं, ते कुठेच अडलं नव्हतं. नावं तेवढी तळाशी गेली होती. रात्री कधी कधी ती वर येऊन हलकेच फिरायची, पहाटे पुन्हा बुडायची.

कामावरचे शब्द बुडाले नाहीत. ते डोक्यात नव्हतेच कधी, हातात होते.

तेवढ्यावर चाललं होतं. दुकानात ते बोट दाखवत. मुलीच्या फोनवर हातातले शब्द वापरत, आणि ती हसे. ती हसली की ते सुटत. एकदोनदा त्यांनी तिला सांगायचंही ठरवलं, पण सांगायला जे लागतं तेच तर नव्हतं.

इथे राहायचं होतं. इथे अंधारातही भिंत त्यांना हाताला धरून नेई.

त्यांनी माल कालवला. फार मळला नाही. मळला की घट्ट होतो. सारखे गोळे केले, थापले, प्रत्येकाच्या मधोमध अंगठ्याने एक खळगा दाबला, म्हणजे तव्यावर तो फुगून गोल होत नाही. अंगठा आत गेला तेव्हा त्यांना उगीचच समुद्राकाठची ओली जमीन दिसली आणि तिच्यावर पळणारं कोणीतरी लहान.

*

विटा तव्यावर चढल्या. कडा रंग बदलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा या घरचा कायदा. तोवर करायला काही नव्हतं. आवाज फक्त तव्याचा.

"बाबा, एक गंमत करू या का?" सुनेने एक पाव उचलला.

"अगं, तुझं चष्म्याचं दुकान इथे उघडू नकोस."

"ताई, दोनच मिनिटं. बाबा, हे काय आहे?"

"पाया."

"बरोबर. आणि घरात आपण काय म्हणतो ते सोडून, बाहेरचे लोक याला काय म्हणतात?"

"आमच्याकडे पायाच म्हणतात."

"ताई, मी त्यांना विचारतेय."

"आणि मी सांगतेय. बाबा, उत्तर द्यायची गरज नाही."

"बाबा, हे?"

"फरशी."

"दुसरं नाव?"

"तू काय त्यांना शाळेत घालणार आहेस का? अरे, सांग तुझ्या बायकोला."

"थांब ना ताई. विचारू दे."

"वा. ठरवूनच आलाय म्हणजे दोघं."

"काही ठरवलेलं नाही. रेती म्हणाले तेव्हा मीही हसलो. आता हसू येत नाहीये."

तव्यावरच्या विटांच्या कडा पांढऱ्या झाल्या. बाबांनी थापी घेतली आणि एकेक उलटली, एकही तुटली नाही. मग ते थापी हातात धरून उभे राहिले, आणखी कोणी काही विचारेल म्हणून.

"दे इकडे," थोरली म्हणाली. तिने सुनेच्या हातातून पाव घेतला. तिचा आवाज बसस्थानकावरचा होता, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. "बाबा. यांना एकदाच दाखवून द्या आणि विषय संपवा. हा काय आहे? आपल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, बेकरीत जाऊन तुम्ही काय मागता?"

बाबा पावाकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. त्यांनी एक बोट वर केलं आणि समोर दाखवलं, बेकरीत दाखवतात तसं.

"असं मागतो," ते म्हणाले.

*

बोट दाखवताना बाही वर सरकली.

थोरलीने त्यांचं मनगट धरलं. बटण काढलं. सुनेने गॅस बारीक केला. मनगटापासून वरपर्यंत भाजून कातडी गेलेली होती, लाल, कडेने वाळत आलेली. मधेमधे पापुद्रे उचलून आले होते, जुन्या ओल धरलेल्या भिंतीवर येतात तसे.

"कधी झालं?"

बाबांनी शेगडीकडे पाहिलं, मग खिडकीखालच्या फोनकडे, मग तिच्याकडे.

"गिलावा," ते म्हणाले. जरा थांबून, तिला समजावं म्हणून, "सुटला होता ना."

थोरली खाली बसली. मंगळवारी ती घाईत होती, फोन खांद्यावर धरून डबा भरत होती. ती हसली होती. दिवसभर ती गोष्ट तिने दोघा-तिघांना सांगितलीही होती, आमचे बाबा बघा कसे.

धाकट्याला लिफ्ट आठवली. मधे अडकलेली माणसं आधी हसतात, मग बटण दाबतात, आणि वरून कोणी विचारलं की काय झालंय, तर अडकलोय असं कोणीच म्हणत नाही. कोणी म्हणतं, मला सहाव्यावर जायचंय. वरच्या माणसाला ते ऐकून कळावं लागतं. तो रोज असं ऐकतो. त्याचा त्यासाठीच पगार आहे.

"मलम लावलंत का?" सुनेने विचारलं.

बाबांनी मान हलवली, लावलं होतं. त्यांनी हलक्या हाताने आपला हात सोडवून घेतला आणि तव्याकडे वळले, कारण विटांवर फरशी घालायची वेळ झाली होती.

"बाबा," थोरली म्हणाली. तिला विचारायचं नव्हतं. प्रश्न तिच्या तोंडातून स्वप्नात निघतो तसा निघाला, आधी बाहेर आला आणि मग तिला ऐकू आला. "आणि मी? मी कोण?"

बाबा वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. खिडकीतलं धुकं उजळलं होतं आणि त्या उजेडात त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, एखादी जड वस्तू खाली ठेवल्यासारखा. ते हसलेसुद्धा.

"वीट," ते म्हणाले.

धाकट्याने तव्याकडे पाहिलं. तिथे चार होत्या.

*

"ने त्यांना," थोरली म्हणाली.

ते तिघं मागच्या पायरीवर होते. आत बाबा अंडी फोडत होते. एकेक टक्क असा आवाज येत होता.

"नाही नेत," धाकटा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही नेत. तू आत्ता त्यांचा हात बघितलास? मी दुसरा बघितला. चार विटा थापल्या, वजनात गुंजभर फरक नसेल. माझ्याकडे येऊन काय करतील? नवव्या मजल्यावर बसून टीव्ही बघतील. तिथलं एक कपाट त्यांनी केलेलं नाही. इथे निदान वस्तू त्यांना ओळखतात."

"महिनाभर माझं डोकं खाल्लंस, एकटं ठेवायचं नाही म्हणून."

"आणि तू माझं. हलवायचं नाही म्हणून."

"मला माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे होतं?"

"परत भाजलं तर? परत फोन केला, आणि मी परत हसले तर?"

"मग हसू नकोस."

"असं तोंडावर बोलायला मजा येते ना तुला?"

"तुम्ही दोघं आता एकमेकांच्या बाजूने भांडताय," सून म्हणाली. "निदान बाजू तरी एकदा ठरवा."

अंगणाची कड दिसायला लागली होती, तिच्यापलीकडे अजून काही नव्हतं. सारं जग या पायरीशी येऊन संपतंय असं थोरलीला वाटलं, आणि ते तिला बरंही वाटलं, क्षणभर.

"त्यांना कोणी विचारलंय का?" सुनेने म्हटलं.

"काय सांगणार ते?"

"ते कसं सांगतील मला माहीत नाही. पण नावंच गेलीयत ताई, बाकी माणूस सगळा आहे. असं मागतो म्हणाले ना? नीट उत्तर दिलं त्यांनी. आपल्याला हवं ते नव्हतं, एवढंच."

*

बाबांनी चार ताटल्या मांडल्या होत्या. पाव आतल्या बाजूने भाजून खरपूस केलेले. खाली पाया, त्याला मोहरी आणि घट्ट दह्याचा गिलावा, हिरवं पान, टोमॅटोची चकती, त्यावर वीट, विटेवर वितळून कडेने ओघळलेली फरशी, फरशीवर अर्धं कच्चं अंडं. स्लॅब अजून घातला नव्हता. ते वाट बघत उभे होते.

सून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दुकानात ती माणसाच्या डोळ्यांसमोर भिंग धरून विचारते, आता कसं दिसतंय, मघापेक्षा बरं का. तसंच विचारलं, तेवढ्याच शांतपणे.

"बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

बाबांनी पायाने जमीन दाबली. पाऊल जरा उचलून पुन्हा दाबली.

"इथे," धाकटा म्हणाला.

"हो. पण बाबा, एकट्याने जमतंय का? खरं सांगा."

बाबांनी भाजलेल्या हाताकडे पाहिलं. मग मुलीकडे, मुलाकडे. खोटं बोलायला पुष्कळ शब्द लागतात. त्यांनी मान हलवली. नाही.

मग त्यांनी एक पाव उचलला, अंड्याच्या वर हवेत धरला. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्याखाली उभी केली, सरळ, एकमेकांपासून लांब.

"सेंट्रिंग," ते म्हणाले.

थोरलीने डोळे पुसले.

"स्लॅब ओला असतो तोवर खालून बांबू लावतात. टेकू," ती सुनेला म्हणाली. "इथेच राहायचंय, पण कोणीतरी खाली उभं राहिलं पाहिजे, असं म्हणतायत."

"किती दिवस ठेवतात?"

"स्लॅब धरेपर्यंत."

"आणि नाही धरला तर?"

बाबा प्रश्न ऐकत होते. त्यांनी हवेतल्या पावाकडे बघून खांदे उडवले, एखाद्या नव्या कामावर मालकाने वायफळ काही विचारलं की उडवायचे तसे.

"मी राहते," थोरली म्हणाली. "सकाळची पाळी मागून घेते. दुपारनंतर घरी. सामान आज संध्याकाळी आणते."

"सकाळी मी चक्कर टाकीन," धाकटा म्हणाला. "कामावर जाताना."

"फोन आला तर कोणी हसायचं नाही," सून म्हणाली.

"नाही हसायचं."

"तुला चालेल ना पण ताई? तुला..." धाकट्याने वाक्य सोडून दिलं.

"ओळखलं नाही मला, तेच ना?" थोरलीने ताटली जवळ ओढली. "चालेल. सेंट्रिंगला कोण ओळखतं? काम झालं की काढून ठेवतात."

ती हे हसून बोलली. बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग चारही स्लॅब एकामागून एक ठेवले, तळव्याने हलकेच दाबले. पिवळा बलक फुटून भिंतींवरून खाली आला.

"ताबा घ्या," ते म्हणाले. "गार होतंय."

सगळे बसले. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय बर्गर तोंडात मावत नव्हता. वीट आतून ओली होती. खिडकीबाहेर समोरचं घर थोडंथोडं करून परत आलं, आधी छप्पर, मग भिंती.

*

थोरली साडेतीन वर्षांची होईपर्यंत एक शब्दही बोलली नव्हती. आई कामाला जायची म्हणून बाबा तिला बांधकामावर नेत. तिथे एका दुपारी ती "वीट" म्हणाली. पुढचं वर्षभर घरातल्या प्रत्येक वस्तूला तिला कळेल असं तिथलंच नाव होतं, आणि बाबा तिला वीट म्हणत.